स्प्रिंग बदलली तरी आईची कंबर दुखतेच

प्रश्न : नमस्कार दादा, मी वाळपईचा, रोज पणजीला जाऊन-येऊन असतो. जिम्नी आहे, पाच दारांची, २०२३ची. मला गाडी जाम आवडते, पण आई मागे बसली की साखळी यायच्या आत म्हणते, "बाबा, मला इथेच उतरव, मी कदंबच्या बसने जाते." एक दुकानवाला म्हणतो दोन इंचाचा कम्फर्ट किट, म्हणजे गाडी दोन इंच वर उचलणाऱ्या स्प्रिंगा घाल, गाडी उंच पण दिसेल आणि मऊ पण होईल. घालू का? महिन्यातून एखाद्या रविवारी मित्रांबरोबर चिखलात पण जातो.
– एक वाचक, वाळपई

उत्तर : आईंनी कदंबची धमकी दिली म्हणजे प्रकरण गंभीरच आहे. पण दुकानवाल्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालून तुम्हाला विकायला काढल्यात. उंच करणं वेगळं, मऊ करणं वेगळं. बाजारातले बरेच किट असतात ते पुढे लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायची दोरीची चरखी), वर कॅरियर असं वजन लादलेल्या गाड्यांसाठी, आणि तसली स्प्रिंग तुमच्या रिकाम्या गाडीला बसली तर ती दबणारच नाही, आई आत्ता उडतात त्यापेक्षा जास्त उडतील. म्हणून दुकानात नाव विचारू नका, ही स्प्रिंग किती जादा वजनासाठी आहे ते विचारा आणि रेट किती ते विचारा, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात. उत्तर देता आलं नाही तर चहा पिऊन बाहेर पडा. तारेची जाडी नुसत्या डोळ्यांनी बघून अंदाज करू नका, कारण बाकी सगळं तेच ठेवून तार १२ मिमीची १३ झाली तरी स्प्रिंग साधारण ३८ टक्के कडक होते, डोळ्याला तो एक मिमी दिसत पण नाही.

तुम्हाला हवी ती प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग, उंची कंपनीची तेवढीच किंवा जेमतेम वाढलेली. तिचे एका बाजूचे वेढे जवळजवळ असतात, ते आधी दबतात म्हणून छोट्या खड्ड्यांना मऊ लागते, मग ते एकमेकांना टेकले की उरलेले वेढे भार घेतात आणि स्प्रिंग कडक होत जाते.

पण खर्च करायच्या आधी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा आणि सकाळी टायर थंड असताना हवा मोजा. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना ३५ मारतो, मग आपण स्प्रिंगला शिव्या देतो. आणि एक कडू गोष्ट, जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच दांडा, डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवीकडे पण धक्का पोचतो आणि डोकं दोन्ही बाजूंना हलतं. हे कुठलीच स्प्रिंग पूर्ण घालवणार नाही. आईंना पुढच्या सीटवर बसवा, निम्मी तक्रार तिथेच जाईल.

आता माझी फजिती सांगतो. माझ्या जिम्नीला चांगल्या स्प्रिंगा आणल्या, एका गॅरेजमध्ये दोन तासांत बसवून झाल्या, आणि घरी जाताना गाडी आधीपेक्षा कडक! आठवडाभर स्प्रिंगला दोष दिला. मग एका जुन्या मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि फक्त विचारलं, बोल्ट कधी आवळले? त्याचं असं की स्प्रिंग काढायला शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट सोडून ॲक्सल खाली सोडतात, ॲक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या आर्मचे आणि ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचे बोल्ट पण ढिले करतात. ह्या आर्मच्या टोकाला रबरी बुश असतात, आतली लोखंडी नळी बोल्टने आवळली की ती हलत नाही, आर्म वर-खाली होतो तो रबर पिळूनच. गॅरेजच्या पोरांनी बोल्ट आवळले ते ॲक्सल हवेत लोंबत असताना, त्यामुळे गाडी जमिनीवर आली तेव्हाच रबर पिळलेलं, म्हणजे आठ-दहा बिनकामाच्या जादा स्प्रिंगा फुकटात मिळाल्या. म्हाताऱ्याने गाडी चार चाकांवर उभी करून सगळे बोल्ट ढिले केले, गाडी हाताने दोन-चारदा दाबली आणि पुन्हा आवळले. बास. तसं ठेवलं असतं तर बुश लवकर फाटले असते ते वेगळंच.

म्हणून गॅरेजमध्ये उभं राहा. काम सुरू व्हायच्या आधी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ॲक्सल ब्रेकच्या पाइपवर आणि एबीएसच्या वायरवर लोंबकळत नाही ना ते बघा, आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणाला खाली जाऊ देऊ नका, चेसिसखाली स्टँड हवेतच. शॉक थकलेले असतील तर मऊ स्प्रिंगबरोबर गाडी मांडवीतल्या होडीसारखी डुलेल, तेव्हा तेही तपासा.

दोन इंचाचं म्हणाल तर मी घालणार नाही. पुढचा ॲक्सल जरा फिरतो, कॅस्टर (स्टीअरिंग आपोआप सरळ ठेवणारा चाकाचा कल) कमी होतो, हायवेला स्टीअरिंग भटकायला लागतं, मग कॅस्टरचे बुश, ॲडजस्टेबल पॅनहार्ड, हेडलाइट खाली करणं, खर्चाला शेवट नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलंय, आणि दंड एकेका बदलाला ५,००० रुपये आहे. साध्या स्प्रिंगसाठीसुद्धा आरटीओ आणि विमावाल्याला आधी विचारून घ्या.

चिखलाच्या रविवारनंतर स्प्रिंगच्या खालच्या वाटीत साध्या पाण्याचा फवारा मारा. आपला लाल चिखल तिथे बसून राहतो, रंग उडतो, गंज धरतो, आणि तुटतो तो बहुतेक वेळा तिथलाच खालचा वेढा.

प्रश्न : माझी जुनी थार आहे, पाट्यांची (लीफ स्प्रिंगची). मलाही कम्फर्ट स्प्रिंग बसेल काय?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही हो. तुमच्या गाडीला मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा, किंवा मॉडेलप्रमाणे पुढेही पाटेच, गोल स्प्रिंग कुठे बसवणार? तुम्ही समुद्राजवळ राहता, आधी मागचे पाटे खोलून बघा. पाट्यांच्या मध्ये गंज धरला की ते एकमेकांवर सरकत नाहीत आणि सगळा गठ्ठा एका जाड लोखंडासारखा वागतो. घासून साफ करा, शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे बुश बदला, मग चालवून बघा. पाटा कमी करून मऊ करू नका, सामान भरलं की गाडी बसेल. आणि गाडी किनाऱ्यावर वाळूत न्यायची सवय असेल तर सोडा, गोव्यात ते बेकायदा आहे आणि पाट्यांना मीठ लागतं ते वेगळं.