नकाशावरची पाटी आणि क्यूआरचा चौकोन : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रे घरातून किंवा एखाद्या छोट्या गाळ्यातून व्यवसाय करणाऱ्यांची आहेत, आणि त्यांतली बरीचशी ठाणे ते बेलापूर या पट्ट्यातून आली आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी गेली चार वर्षे राहत्या घरातून दिवाळीचा फराळ आणि एरवी पुरणपोळ्या, उकडीचे मोदक करून देते. गिऱ्हाईक तोंडोतोंडी वाढले, पण गूगलच्या नकाशावर माझे नाव कुठेच नाही. एका जाहिरात कंपनीने पंधरा हजार रुपयांत ‘ठाण्यात पहिला क्रमांक, लेखी हमी’ देऊ केली आहे. पैसे भरावेत का? शिवाय घरचा पत्ता सगळ्यांना दिसावा अशी माझी इच्छा नाही. (एक गृहउद्योजिका, नौपाडा)

उत्तर : पैसे भरू नयेत. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच व्यावसायिकांसाठीच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा हमी लेखी असो वा तोंडी, ती देणाऱ्याला या विषयातले कळत नाही किंवा कळूनही तो आपल्याला ते सांगत नाही, एवढाच तिचा अर्थ घ्यावा.

नकाशावरची नोंद विनामूल्य असते. तिला आज ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. २०२१ पर्यंत ती ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने ओळखली जात होती, त्यामुळे जुन्या लेखांत ते नाव आढळले तर गोंधळू नये. ती आपल्या स्वतःच्या जीमेल खात्यातूनच करावी, भाच्याच्या किंवा शेजारच्या मुलाच्या खात्यातून नव्हे. नोंद करताना ग्राहक आपल्या जागेवर येतात का, असे विचारले जाते. तेथे ‘नाही’ असे उत्तर देऊन आपण जेथे माल पोहोचवता तो परिसर भरावा, म्हणजे घरचा पत्ता लोकांना दिसत नाही. असे वीसपर्यंत परिसर देता येतात, पण नौपाडा, पाचपाखाडी आणि वर्तकनगर येथेच आपण खरोखर माल पोहोचवत असाल, तर उगाच कल्याणपासून पनवेलपर्यंतची नावे भरू नयेत.

यानंतर पडताळणी होते आणि पुष्कळ जण येथेच अडकतात. अलीकडे बहुधा चित्रफीत मागितली जाते. ती मध्ये न थांबवता, काटछाट न करता, किमान तीस सेकंदांची असावी लागते. सुरुवात रस्त्यावरून करावी आणि इमारतीची किंवा गल्लीची पाटी टिपावी. मग चालत चालत घरात येऊन ओटा, मोठी कढई, मोदकांचे साचे, पॅकिंगचे डबे आणि त्यांवर चिकटवायची आपल्या नावाची लेबले दाखवावीत. अन्नसुरक्षेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर असेल तर त्यावर कॅमेरा क्षणभर स्थिर ठेवावा. घरातल्या माणसांचे चेहरे दाखवण्याची गरज नाही.

व्यवसायाचे नाव जसे लेबलावर आहे तसेच लिहावे. त्याला ‘ठाण्यातील सर्वोत्तम पुरणपोळी’ अशी शेपटी जोडणे नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी नोंद स्थगित होऊ शकते. नकाशावरचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : शोधलेल्या शब्दांशी आपला व्यवसाय किती जुळतो, शोधणारा किती अंतरावर आहे आणि व्यवसाय किती परिचित आहे. जांभळी नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला जी यादी दिसते, ती कासारवडवलीत बसलेल्याला दिसत नाही. हे अंतर कोणतीही कंपनी पंधरा हजारांत कमी करून देऊ शकणार नाही.

परिचय वाढवणे मात्र आपल्या हाती आहे. अभिप्रायाचा दुवा आपल्या प्रोफाइलमध्येच मिळतो. पार्सल पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी तो ग्राहकाला पाठवावा. त्याबदल्यात लाडवांचा डबा देऊ नये, कारण मोबदला देऊन अभिप्राय मिळवण्यास गूगलची मनाई आहे, आणि ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोनेही २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक आणले आहे. ‘पोळी पातळ आणि मऊ होती, पुरण आमच्या घरच्यापेक्षा जरा गोड वाटले’ असा अभिप्राय आला तर वाईट वाटून घेऊ नये. वीस जणांच्या कोरड्या ‘उत्तम’पेक्षा नवा ग्राहक त्यावर लवकर विश्वास ठेवतो.

प्रश्न : आमचा दहावी-बारावीच्या शिकवणीचा वर्ग आहे. प्रवेशाच्या दिवसांत आम्ही फेसबुकवर जाहिरात देतो, वर्तमानपत्रातून पत्रके टाकतो, पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत संदेश पाठवतो आणि काही रिक्षांच्या मागे फलकही लावतो. संकेतस्थळावरून चौकशा येतात, पण त्या कशामुळे आल्या हे कळत नाही. खर्च नेमका कुठे कमी करावा? (एक वर्गचालक, वाशी)

उत्तर : चारही ठिकाणी आपण संकेतस्थळाचा एकच पत्ता देत असणार, म्हणून कळत नाही. प्रत्येक ठिकाणी पत्ता तोच ठेवून त्याच्या शेवटी वेगळी खूण जोडावी. या खुणांना ‘यूटीएम’ (अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल) म्हणतात. त्यातला पहिला शब्द ‘अर्चिन’ हा ज्या कंपनीच्या नावावरून आला, ती गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि तिच्याच प्रणालीतून पुढे ‘गूगल ॲनालिटिक्स’ हे संकेतस्थळावरच्या भेटी कुठून आल्या ते मोजणारे साधन उभे राहिले.

रचना सोपी आहे. पत्ता संपला की प्रश्नचिन्ह द्यावे आणि त्यापुढे तीन गोष्टी बरोबरच्या चिन्हाने लिहाव्यात : सोर्स म्हणजे माणूस कुठून आला, मीडियम म्हणजे कोणत्या प्रकारच्या माध्यमातून आला आणि कॅम्पेन म्हणजे कोणत्या मोहिमेतून आला. फेसबुकच्या जाहिरातीसाठी अनुक्रमे ‘फेसबुक’, ‘सशुल्क’, ‘दहावी-जून’ आणि पत्रकासाठी ‘पत्रक’, ‘छापील’, ‘दहावी-जून’ असे शब्द रोमन लिपीत घालता येतील. हे हाताने जुळवण्याची गरज नाही. गूगलचे ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’ हे विनामूल्य पान रकाने भरले की पूर्ण दुवा तयार करून देते. शब्द सुरुवातीपासून लहान लिपीत आणि एकाच पद्धतीने लिहावेत, कारण मोठ्या ‘एफ’ने लिहिलेले फेसबुक आणि लहान ‘एफ’ने लिहिलेले फेसबुक ॲनालिटिक्सच्या हिशेबात दोन निरनिराळी ठिकाणे ठरतात. आपल्याच संकेतस्थळाच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणाऱ्या दुव्यांना ही खूण कधीही लावू नये, नाहीतर सगळा हिशेब गढूळ होतो.

हे करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. आपले संकेतस्थळ जुने असेल आणि त्यातल्या ॲनालिटिक्सचा क्रमांक ‘यूए’ने सुरू होत असेल, तर तो निरुपयोगी आहे, कारण ती जुनी प्रणाली १ जुलै २०२३ पासून नव्या भेटी मोजत नाही. नव्या प्रणालीचा क्रमांक ‘जी’ आणि आडव्या रेघेने सुरू होतो. कित्येक संकेतस्थळांवर अजून मोजणीच्या कोडचा जुनाच तुकडा पडून असतो आणि मालकाला वाटते की मोजणी चालू आहे.

पत्रकावर एवढा लांब पत्ता छापता येणार नाही, म्हणून तेथे क्यूआर कोड द्यावा. येथे एक खड्डा आहे. फुकट क्यूआर बनवून देणारी काही संकेतस्थळे चौकोनात आपला पत्ता न घालता त्यांचा स्वतःचा पत्ता घालतात आणि तेथून ग्राहकाला आपल्याकडे वळवतात. चाचणीची मुदत संपली की हे वळवणे थांबते आणि वाटून झालेल्या पाच हजार पत्रकांवरचा चौकोन ‘सेवा चालू ठेवण्यासाठी पैसे भरा’ असे सांगू लागतो. हे टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे संगणकावरील क्रोम ब्राउझरमध्ये तो खुणेसह दुवा उघडावा आणि उजवीकडच्या तीन टिंबांच्या यादीत सामायिक करण्याच्या पर्यायांतून ‘क्यूआर कोड तयार करा’ हे निवडावे. मध्यभागी छोटा डायनासोर असलेला चौकोन मिळतो. त्यात थेट आपलाच पत्ता असतो आणि त्याला मुदत नसते. पत्ता जितका लांब, तितके ठिपके बारीक होतात, म्हणून मोहिमेची नावे आटोपशीर ठेवावीत आणि छपाईला देण्यापूर्वी एक प्रत साध्या कागदावर काढून दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासून पाहावी.

रिक्षामागच्या फलकावर क्यूआर देऊ नये. पाम बीच रस्त्यावर पुढची रिक्षा धावत असताना कोणी फोन काढून चौकोन टिपत नाही, आणि टिपू नये हेच बरे. तेथे वर्गाचे नाव आणि लक्षात राहील असा फोन क्रमांक पुरेसा आहे. फोनवरच्या चौकशा कोणत्याही ॲनालिटिक्समध्ये दिसत नाहीत, हेही विसरू नये. कार्यालयातल्या नोंदवहीत ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ असा एक रकाना वाढवावा आणि फोन उचलणाऱ्या व्यक्तीने तो प्रत्येक वेळी भरावा. एका हंगामानंतर वही आणि ॲनालिटिक्स शेजारी ठेवून मगच खर्च कुठे कापायचा ते ठरवावे.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर पंधरा वर्षांचा मराठी मजकूर आहे, पण त्यातले एखादे वाक्य गूगलवर शोधले तरी आमचे पान सापडत नाही. (एक कार्यकर्ता, ठाणे)

उत्तर : त्या पानावरची एक ओळ उचलून शोधाच्या रकान्यात चिकटवून पाहावी. देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसली, तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना कळणारी युनिकोड ही सामाईक अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये आहे, असे निश्चित समजावे. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते, पण शोधयंत्राच्या हाती ती खिचडीच लागते. मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र रफार, जोडाक्षरे आणि ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र परिवर्तनात हमखास बिघडतो, म्हणून वाचून तपासणारा माणूस हवाच. एका वेळी सर्व मजकूर हाती घेण्याऐवजी जी पाने लोक खरोखर मागतात, म्हणजे ग्रंथसूची, वेळा आणि व्याख्यानांचे वृत्तांत, ती आधी करावीत.

पोस्टरच्या चित्रातला मजकूरही पानावर अक्षरांत पुन्हा लिहावा. त्यानंतर ‘गूगल सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात संकेतस्थळ नोंदवावे. कोणते शब्द टंकून लोक आपल्या पानापर्यंत आले, ते तेथे दिसते, आणि त्यांतले कित्येक शब्द रोमन लिपीत लिहिलेले मराठी असतात, हे पाहून आपल्याला नवल वाटेल.

प्रश्न : आमच्या दुकानाचे संकेतस्थळ ओळखीच्या एका मुलाने बनवले होते. तो आता बंगळुरूला असतो. डोमेनचे नाव त्याच्या खात्यात आहे. काही धोका आहे का? (एक दुकानदार, कोपरखैरणे)

उत्तर : आहे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, ज्याच्या खात्यात, त्याच्या हातात. भांडण झालेले नाही तोवरच गोडीगुलाबीने बोलून घ्यावे : त्याने डोमेनचे कुलूप काढावे, हस्तांतराचा संकेतांक आपल्याला द्यावा आणि आपण तो वापरून नाव स्वतःच्या खात्यात घ्यावे. दोघांच्या सवडीचा अर्धा तास पुरेसा होतो. हस्तांतर पूर्ण व्हायला मात्र काही दिवस लागू शकतात.

खाते आपल्या नावावर असूनही काय होऊ शकते, ते मी स्वतः भोगले आहे. माझ्या एका डोमेनच्या नूतनीकरणाची स्मरणपत्रे मी कधीच सोडून दिलेल्या नोकरीच्या ईमेलवर जात राहिली. संकेतस्थळ बंद पडल्याचे मला एका वाचकाच्या फोनवरून कळले, आणि तोवर ते नाव सोडवून घेण्याचे शुल्क वार्षिक शुल्काच्या कित्येक पट झाले होते. खात्यात सध्याचा ईमेल आणि फोन आहे ना, तेवढे आजच पाहावे.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर साड्या विकते. लष्करी अधिकारी असल्याचे सांगणाऱ्या एका ग्राहकाने भाव न विचारता दहा साड्या मागवल्या आणि ‘पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असे म्हटले. मी थांबले. बरोबर केले ना? (एक विक्रेती, खारघर)

उत्तर : अगदी बरोबर केले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी स्कॅनही करावे लागत नाही आणि पिनही द्यावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. आपलाच क्यूआर किंवा यूपीआय आयडी ग्राहकाला द्यावा आणि साड्या पाठवण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा झालेली पाहावी. त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. एखाद्या मैत्रिणीचे पैसे असे गेले असतील, तर तिने लगेच १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी आणि त्या व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवावा. तो तिच्या यूपीआय ॲपमधल्या व्यवहारांच्या इतिहासात मिळेल.