आई-बाबांना मिनेसोटातले स्टेट पार्क आणि तळी दाखवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा जूनमध्ये येतायत, नोव्हेंबरपर्यंत आहेत, दोघंही पासष्टीच्या पुढे, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि मॉल सोडून त्यांना कुठेतरी झाडापाण्यात न्यायचंय, पण स्टेट पार्क म्हणजे नक्की काय आणि तिथे जाऊन करायचं काय हेच कळत नाहीये. मी अकरा वर्षं मिनिआपोलिसजवळ राहते, माझे आई-वडील इथे तीनदा येऊन गेलेत, त्यातल्या पहिल्या खेपेला मी त्यांना नुसतं पळवलं आणि पुढच्या दोन खेपांना नीट फिरवलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी स्टेट पार्कचं सांगते. नॅशनल पार्क केंद्र सरकारचे, स्टेट पार्क त्या त्या राज्याचे. मिनेसोटात असे साठच्या वर पार्क आहेत आणि राज्याचं डीएनआर नावाचं खातं ते सांभाळतं. आत जायचं परमिट माणशी नसतं, गाडीला असतं, म्हणजे गाडीत पाच जण असले तरी एकच. मी शेवटचं काढलं तेव्हा दिवसाचं ७ डॉलर होतं आणि वर्षाचं ३५, आणि वर्षाचं म्हणजे काढलेल्या महिन्यापासून पुढे बारा महिने. तुमचे आई-बाबा पाच-सहा महिने असणार म्हणजे वर्षाचंच काढा, विचारच करू नका. पैसे वाचतात ते आहेच, पण खरी गंमत अशी की मग संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर नुसतं तासभर तळ्यावर जाऊन बसायला पण जीव कचरत नाही. काही लायब्रऱ्यांमधून सात दिवसांचं परमिट पुस्तकासारखं घरी नेता येतं, तुमच्या लायब्ररीत विचारून बघा.

आता माझं स्पष्ट मत सांगते, पटलं तर घ्या. आई-बाबांना घेऊन दहा ठिकाणांची यादी संपवायला जाऊ नका. पहिल्या खेपेला मी तीन दिवसांत सात पार्क दाखवले, फोटो भरपूर निघाले, आणि परत गेल्यावर आईला कुठला धबधबा कुठे होता ते एकही सांगता येईना. दुसऱ्या खेपेला घराजवळचे दोन पार्क धरले, तिथेच परत परत गेलो, आणि आता ती फोनवर विचारते की त्या वळणावरचं पडलेलं झाड अजून तसंच आहे का.

घराजवळचा म्हणजे आमच्यासाठी फोर्ट स्नेलिंग. विमानतळाच्या अगदी खाली आहे, वरून विमानं जात असतात, पण खाली उतरलात की दाट झाडी आणि दोन नद्यांचा संगम, मिनेसोटा नदी येऊन मिसिसिपीला मिळते. पाइक आयलंडची वाट सपाट आहे, बाबांच्या गुडघ्याला काही त्रास नाही, अर्ध्यातून परत फिरलात तरी चालतं. इथले मूळ रहिवासी डाकोटा लोक या जागेला बडोटे म्हणतात, म्हणजे पाणी मिळतं ती जागा, त्यांच्यासाठी ती पवित्र आहे. १८६२ साली डाकोटा आणि अमेरिकी सरकार यांच्यात युद्ध झालं, त्यानंतरच्या हिवाळ्यात याच नदीकाठी सुमारे १,६०० डाकोटा लोकांना, त्यात बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं, छावणीत डांबून ठेवलं होतं आणि त्यात कितीतरी जण गेले. तिथे स्मारक आहे. आई-बाबांना ते आवर्जून सांगा, आमची आई ते ऐकून बराच वेळ काही बोलली नाही, मग तिथे हात जोडून उभी राहिली. वसंतात पूर आला तर हा पार्क बंद ठेवतात, म्हणून निघायच्या आधी डीएनआरच्या साइटवर बघून घ्या.

दुसरं ठिकाण टेलर्स फॉल्सचं इंटरस्टेट स्टेट पार्क, गाडीने तासभर. हे तुम्हाला फारसं कोणी सुचवणार नाही, कारण पार्क लहान आहे आणि लोकांना नॉर्थ शोअरची, म्हणजे लेक सुपिरियरच्या काठाची घाई असते. पण तुमचे आई-बाबा महाराष्ट्रातले असतील तर आधी इथे न्या. आमचं मूळ गाव पारनेर तालुक्यात. माझे वडील, मी त्यांना दादा म्हणते, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांना मी काहीच न सांगता पॉटहोल ट्रेलवर नेलं. काळा दगड, त्यात गोल गोल गुळगुळीत खड्डे, काही घागरीएवढे, काही विहिरीएवढे, एक तर ६० फूट खोल, आणि दादा रेलिंगला धरून खाली वाकून बघत होते, एकदम म्हणाले, "अगं, हे तर आपल्या निघोजचे रांजण!"

आणि खरंच तेच. कुकडीच्या पात्रात निघोजला जसे रांजणखळगे आहेत तसेच. पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे गरगर फिरून फिरून खालचा खडक कातत जातात, क्रिया एकच. इथे बर्फयुगाच्या शेवटी, साधारण १०,००० वर्षांपूर्वी, वितळणाऱ्या हिमनद्यांचं प्रचंड पाणी सेंट क्रॉय नदीतून धडाडत गेलं, त्याने हे खळगे पाडले. खडक पण आपल्यासारखाच बेसॉल्ट, लाव्हारसाचा, फक्त आपल्या सह्याद्रीचा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आणि इथला ११० कोटी वर्षांचा. दादांनी खिशातून रुमाल काढून खळग्याच्या कडेवरची माती पुसली आणि बोटाने त्या दगडावरच्या गोल रेघा मला दाखवल्या, पाणी कुठल्या बाजूने फिरत असेल ते. आठ हजार मैलांवरून आलेला माणूस परक्या देशात येऊन एकदम घरच्यासारखा बोलायला लागला, मला ते अजून डोळ्यासमोर दिसतं. वाट छोटी आहे पण मध्ये मध्ये दगडी पायऱ्या आहेत, काठी असू द्या, आणि पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी नको, तो दगड ओला झाला की फार निसरडा होतो.

आयटास्काला मात्र एकदा जाच, मुक्काम करूनच जा, चार तासांचं ड्रायव्हिंग आहे. १८९१ साली झालेला, मिनेसोटातला सगळ्यात जुना स्टेट पार्क, ३२,००० एकरांहून मोठा, आत शंभराच्या वर तळी. मिसिसिपीचा उगम इथे. तळ्यातून पाणी बाहेर पडतं तिथे ओळीने दगड आहेत, त्यावरून किंवा बाजूच्या गुडघाभर पाण्यातून चालत नदी ओलांडता येते, पलीकडे लाकडाच्या खांबावर कोरलंय की इथून समुद्र २,५५२ मैल. १८३२ साली स्कूलक्राफ्ट नावाचा अमेरिकन संशोधक इथे आला आणि उगम सापडला म्हणून त्याचं नाव झालं, पण त्याला वाट दाखवत घेऊन आला तो ओझाविंदिब नावाचा ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक माणूस, आणि त्याच्या लोकांना ही जागा आधीपासूनच माहीत होती.

आमच्या आईने तिथे चप्पल काढली, आधी पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं आणि मगच पाय घातला. भीमाशंकरला, त्र्यंबकेश्वरला जसं आपण करतो तसं. पर्समध्ये हळदीकुंकवाची पुडी होती, ती वाहायची का म्हणाली. मी म्हटलं आई, इथे पाण्यात काही टाकायचं नसतं, नुसता नमस्कार कर. तिला लगेच पटलं, म्हणाली बरोबरे, उगमालाच घाण केली तर खालच्यांनी काय प्यायचं. तुम्ही पण फुलं, नाणी, निर्माल्य काहीही टाकू देऊ नका प्लीज. दादांचं वेगळंच चालू होतं, ते त्या दगडांकडे बघून म्हणाले हा तर बंधारा दिसतोय. मला वाटलं काहीतरीच, पण आत माहिती केंद्रात विचारलं तर खरंच १९३० च्या दशकात तिथली दलदल साफसूफ करून, दगड रचून ती जागा बांधून काढलीये.

तिथल्या केंद्राला मेरी गिब्ज या बाईंचं नाव आहे आणि ती गोष्ट आई-बाबांना नक्की सांगा. १९०३ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी, वडील वारल्यावर ती या पार्कची प्रमुख झाली. लाकूड कंपनीवाले धरणाचे दरवाजे लावून पाणी तुंबवायचे, त्यात पार्कची पाइनची झाडं बुडायची. दरवाजे उघडा म्हणून सांगायला ती स्वतः गेली, समोरच्याने बंदूक दाखवली तरी मागे हटली नाही. पुढे तिला त्या पदावर टिकू दिलं नाही, पण आज तिथे दोनशे वर्षांहून जुने पाइन उभे आहेत त्यात तिचा वाटा आहे, आणि मला तर त्या झाडांखालून जाताना दर वेळी तिची आठवण येते. बाबांना चालवत नसेल तर आत वाइल्डरनेस ड्राइव्ह म्हणून १० मैलांचा एकेरी रस्ता आहे, गाडीतूनच सगळं जंगल दिसतं.

नॉर्थ शोअरचं थोडक्यात. डुलुथपासून पुढे हायवे ६१, उजव्या हाताला सतत लेक सुपिरियर. गूजबेरी फॉल्सच्या व्हिजिटर सेंटरला गाडी लावायला परमिट सुद्धा लागत नाही आणि वरच्या धबधब्यांपर्यंत पक्की वाट आहे, तिथे बाबा आरामात जातील. स्प्लिट रॉकचं दीपगृह १९१० चं, १९०५ च्या नोव्हेंबरमधल्या वादळात बरीच जहाजं गेली त्यानंतर बांधलेलं, तेही बघा. टेटेगूशचा हाय फॉल्स सुंदर आहे पण चढउतार फार आहे, तो त्या गुडघ्यांनी करू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते. सुपिरियरला तळं म्हणतात म्हणून त्याला तळं समजू नका. क्षेत्रफळाने जगातलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे, ८२,००० चौरस किलोमीटर, आणि पाणी जूनमध्ये सुद्धा बर्फासारखं गार असतं, चांगल्या पोहणाऱ्याचे हातपाय काही मिनिटांत चालेनासे होतात. काठावरच्या ओल्या काळ्या खडकांवर लाटा बघायला उभं राहायचं नाही म्हणजे नाही. पाण्यात खेळायचं असेल तर आतली छोटी तळी उन्हाळ्यात मस्त कोमट होतात, बऱ्याच पार्कांत कनू, कयाक भाड्याने मिळतात, लाइफ जॅकेट घालूनच बसवा. गळ टाकायची हौस असेल तर आई-बाबा इथले रहिवासी नाहीत त्यामुळे त्यांना लायसन्स काढावं लागेल.

आणि गोचिडी. इथल्या गवतात टिक्स असतात, त्यातल्या छोट्या काळ्या पायांच्या टिकने लाइम रोग होतो. जून तर अगदी त्यांचा मोसम. फुल पँट, ती मोज्यात खोचलेली, फिकट रंगाचे कपडे, पायांना स्प्रे, आणि वाटेच्या मधोमध चालायचं. घरी आल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागे, कानामागे बघायचं. आमच्या दादांच्या कंबरेला एकदा चिकटलेली निघाली, तेल किंवा काडेपेटी असले उपाय करायचे नाहीत, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. ती लवकर काढली तर धोका बराच कमी असतो, आणि नंतर ताप किंवा लाल चट्टा आला तर लगेच डॉक्टर. म्हणून व्हिजिटर इन्शुरन्स आधीच काढून ठेवा.

आई-बाबांच्या दृष्टीने आणखी एक, कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आतल्या भागातले संडास बऱ्याचदा खड्ड्याचे असतात, पाण्याचा नळ नसतो. गाडीत पाण्याची मोठी बाटली, एक मग आणि हात धुवायला साबण ठेवाच, आमच्या आईची निम्मी काळजी तिथेच मिटली. बाबांना जास्त चालवत नसेल तर काही पार्कांत रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी ट्रॅक चेअर मिळते, जंगलातल्या कच्च्या वाटेवरून जाते, पैसे घेत नाहीत, फक्त आधी बुक करावी लागते. मुक्कामाचं बुकिंग १२० दिवस आधी उघडतं, शनिवार-रविवार पटापट भरतात, त्यामुळे ऑगस्टचा शनिवार हवा असेल तर एप्रिलमध्येच बघायला हवं, नाहीतर सरळ मधल्या वारी जा.

जेवणाचं सोपं आहे. पिकनिकच्या जागी बाकं आणि कोळशाची शेगडी असते. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी घरून नेतो आणि शेगडीवर कणसं भाजतो. मागच्या खेपेला आईने वांगं भाजलं, तिथेच सोलून, कांदा-मिरची चिरून, कच्चं तेल घालून भरीत केलं, शेजारच्या बाकावरचं एक म्हातारं जोडपं वासाने चौकशी करायला आलं आणि दशमीशी खाऊन गेलं. लाकडं घरून नेऊ नका, झाडं पोखरणारे किडे त्यातून पसरतात, पार्कातच विकत घ्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नॉर्थ शोअरचे मॅपल लाल होतात, तो आठवडा आत्ताच कॅलेंडरवर राखून ठेवा. बाकी जूनच्या पहिल्या शनिवारी, जेटलॅग उतरला की, स्नेलिंगला संगमावर न्या, घडीच्या दोन खुर्च्या आणि चहाचा थर्मास घेऊन.