ड्रायर बंद करून हीटेड एअरर घ्यावा का?

प्रश्न: घरात चार माणसं. दमट हवेच्या चार महिन्यांत कपडे बाहेर वाळत नाहीत, म्हणून आठवड्याला पाच-पाच किलोची तीन धुणी कंडेन्सर ड्रायरमध्ये जातात. प्लगला लावलेल्या मीटरवर एका धुण्याला ४ युनिट पडतात. ड्रायर बंद करून ३०० वॅटचा तीन मजली हीटेड एअरर, म्हणजे विजेवर दांडे तापणारा कपडे वाळवायचा स्टँड, घ्यायचा विचार आहे. त्याच्या किमतीला आमच्या विजेच्या दराने भागलं तर ४१० युनिट येतात. सहा हप्त्यांत मिळतोय. घ्यावा का?

नमस्कार. तुम्ही मीटर बघून आकडे पाठवलेत, त्यामुळे अंदाजपंचे बोलायची वेळच येत नाही. माझं मत आधीच सांगून टाकायचं तर, या हंगामात घेऊ नका. आणि हप्त्यांवर तर नकोच.

३०० वॅट म्हणजे तासाला ०.३ युनिट. हा आकडा ऐकायला फार छान वाटतो आणि विकणारा तोच सांगतो. पण बिल तासावर ठरत नाही, धुणं पूर्ण वाळेपर्यंत किती तास गेले त्यावर ठरतं. आठ तासांत वाळलं तर २.४ युनिट, म्हणजे ड्रायरपेक्षा १.६ कमी. चार महिन्यांचे १७ आठवडे धरले तर धुणी होतात ५१ आणि वाचतात साधारण ८२ युनिट. ४१० ला ८२ ने भागा. किंमत वसूल व्हायला पाच वर्षं.

आता हेच गणित बारा तासांचं करून बघा. दमट खोलीत टॉवेल आणि जीन्स असतील तर बारा तास सहज लागतात. धुण्याला ३.६ युनिट गेली, वाचली फक्त ०.४. वर्षाला वीसच युनिट, आणि वसुलीला वीस वर्षं. सव्वातेरा तासांच्या पुढे तर तुमचा ड्रायरच स्वस्त. रात्री दहाला लावलेला स्टँड दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बंद केला, तर ४.२ युनिट गेलेली असतात. आपण वीज वाचवतोय असं वाटत राहतं आणि मीटर उलटं सांगतो.

याहून मोठी गोष्ट जाहिरातीत नसते. कंडेन्सर ड्रायर कपड्यातलं पाणी टाकीत गोळा करतो. हीटेड एअरर ते खोलीत सोडतो. पाच किलो सुती धुण्यात, मशीनच्या स्पिननुसार, अडीच ते साडेतीन लिटर पाणी उरलेलं असतं. ते सगळं भिंतीवर, कपाटाच्या मागच्या बाजूला, खिडकीच्या काचेवर जाऊन बसतं. बाहेरचीच हवा दमट असेल तर खिडकी उघडूनही ते फारसं निघत नाही. खोलीतली आर्द्रता तासन्‌तास ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाव मिळतो. मग डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून घेणारं यंत्र, लावावा लागतो. तो २०० वॅटचा धरला, आठ तास चालवला, तर १.६ युनिट. स्टँडची २.४ आणि ही १.६ मिळून पुन्हा बरोबर ४. तुमची सगळी बचत तिथंच संपली, वर दोन यंत्रांची किंमत. डिह्युमिडिफायर घ्यायचाच असेल तर तो साध्या स्टँडजवळ पंख्यासोबत लावलेला बरा; दोन्ही मिळून आठ तासांना २ युनिट आणि ओल घराबाहेर. पण तोही खर्चच आहे, म्हणून आधी फुकटातलं करून बघा.

फुकटातलं म्हणजे स्पिन. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला किमान ०.६८ युनिटइतकी उष्णता लागते, मग ती ड्रायरने द्यावी, स्टँडने द्यावी किंवा खोलीतल्या हवेने. तेच पाणी मशीनने फिरवून काढलं तर त्याला नगण्य वीज पुरते. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ७० टक्के पाणी राहतं, १२०० फेऱ्यांवर ५०-५५ टक्के. पाच किलोला हा फरक पाऊण लिटरच्या वर आहे, म्हणजे धुण्यामागे अर्धं युनिट तरी. ५१ धुण्यांचे पंचवीस ते तीस युनिट झाले. बारा तास चालणाऱ्या एअररपेक्षा जास्त बचत, आणि बटण फिरवण्यापलीकडे खर्च शून्य.

तुमचं मशीन किती पाणी काढतं हे वजनकाट्यावर बघा. कोरडे कपडे मोजा, स्पिन झाल्यावर तेच पुन्हा मोजा. ५ किलोचे ८.४ झाले तर ३.४ लिटर पाणी आत आहे. मग फक्त स्पिनचं एक चक्र जास्त देऊन परत मोजा. फरक पाव किलोपेक्षा कमी आला तर तिथं काही मिळणार नाही. लोकर आणि नाजूक कपड्यांना मात्र जास्त फेऱ्या देऊ नका.

दुसरी गोष्ट, जाड आणि पातळ कपडे वेगळे धुवा. एका धुण्यात टॉवेल आणि शर्ट एकत्र असले की शर्ट कधीच वाळलेले असतात आणि ड्रायर टॉवेलांसाठी फिरत राहतो. आठवड्याचं एक धुणं फक्त जाड कपड्यांचं ठेवा आणि तेवढंच ड्रायरमध्ये टाका. जाड म्हणून त्याला ५ युनिट धरू. बाकीची दोन साध्या स्टँडवर, ५० वॅटच्या पंख्यासमोर दहा तास, म्हणजे प्रत्येकी अर्धं युनिट. आज हंगामाला २०४ युनिट जातात; या पद्धतीने ८५ आणि १७, एकूण १०२. निम्मी बचत, तीही काही विकत न घेता. या दोन धुण्यांचंही पाणी खोलीतच येतं हे विसरू नका. एक्झॉस्ट फॅन असलेलं न्हाणीघर त्यासाठी सगळ्यात चांगली जागा: फॅन चालू, आणि हवा आत यायला दार बोटभर उघडं. आणि ड्रायरची जाळी दर वेळी साफ करा. त्यात धागे साठले की हवा अडते, वेळ वाढतो.

हप्त्यांचं म्हणाल तर प्रक्रिया शुल्क धरून एकूण रक्कम किती होते ते आधी लिहून काढा. शिवाय हप्ते सहा महिन्यांचे आणि दमट महिने चार, म्हणजे शेवटचे दोन हप्ते घडी घालून ठेवलेल्या स्टँडसाठी भराल. त्यापेक्षा हप्त्याएवढी रक्कम दरमहा बाजूला टाका. ड्रायर बिघडला तर दुरुस्तीला ती कामाला येईल.

माझं मत दोन कारणांनी बदलेल. एक, ड्रायर पूर्ण बंद पडला. दोन, घरात ड्रायरमध्ये टाकता न येणारे कपडे बरेच आहेत. तेव्हा एअरर रोखीने घ्या आणि त्याला टायमर लावा. दांड्याला टेकलेली कापडाची पट्टीच नीट वाळते, म्हणून कपडे एकेरी पसरा आणि दर दोन-अडीच तासांनी फिरवा. जीन्सचा कमरपट्टा आणि खिशाचं आतलं कापड शेवटपर्यंत ओलं राहतं. खिसे उलटे काढून तोच भाग दांड्यावर ठेवा. वर आच्छादन घातलंत तर माथ्याला वाफ निघायला जागा ठेवा, नाहीतर आत नुसती गरम दमट हवा कोंडते आणि कपड्यांना कुबट वास येतो. दुकानात घडी दोन-तीनदा उघडून-मिटून सांध्याजवळची वायर बघा. तिथं ती चिमटत किंवा ताणली जात असेल तर तो नग घेऊ नका.