दिल्लीहून टोकियोला विमानाने नक्की किती वेळ लागतो? जातानाचा आणि परतीचा वेळ इतका वेगळा का?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा जानेवारीत पुण्याहून दिल्लीमार्गे टोकियोला निघालेत, आणि तिकिटावरच्या वेळा पाहिल्या तर दिल्लीहून जायला अकरा तास आणि परत यायला सहाच तास दिसतायत. खरं गणित बरोबर उलटं आहे.

तिकिटावर त्या त्या गावची स्थानिक वेळ छापतात, आणि जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. समजा, विमान दिल्लीहून रात्री ८ ला सुटलं आणि टोकियोत सकाळी ७ ला उतरलं, तर प्रवास झाला साडेसात तासांचा. परतीचं विमान तिथून सकाळी ११:३० ला निघून दिल्लीत संध्याकाळी ५:३० ला पोचलं, तर ते साडेनऊ तास झाले. हिवाळ्यात दहाही होतात.

सरळ अंतर साधारण ५,८५० किमी. पण ही सरळ रेषा हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जाते, आणि विमानं शक्यतो तो भाग टाळतात. केबिनमधला दाब गेला तर प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत १२-१५ मिनिटंच पुरतो. तेवढ्यात विमानाला १०,००० फुटांवर उतरावं लागतं. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरवर, म्हणजे जवळजवळ १५,००० फुटांवर, उतरणार कुठे? म्हणून बिहार, बंगाल, म्यानमार, दक्षिण चीन असा वळसा पडतो आणि अंतर काही शे किलोमीटरने वाढतं.

वेळेतला फरक मात्र वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो, आणि हिवाळ्यात जपानच्या डोक्यावर तो जगात सर्वांत जोरदार असलेल्यांपैकी एक असतो. ताशी २०० ते ३०० किमी वेग तिथे नवलाचा नाही. ताशी ९०० किमीने उडणाऱ्या विमानाला एवढा वारा पाठीशी मिळणं आणि समोरून येणं यात केवढा फरक! हे वारे वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून मोजले होते. जगभरातल्या लोकांना वाचता यावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि जपानबाहेर त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९४४ मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-२९ बॉम्बफेकी विमानांना हाच वारा लागला आणि त्या उंचीवरून नेम साधेना. माणसाने एवढं नेमकं काम करावं आणि ते तसंच पडून राहावं, याची मला फार हळहळ वाटते. उन्हाळ्यात हा प्रवाह मंदावतो आणि उत्तरेला सरकतो, त्यामुळे तेव्हा जाण्या-येण्यातला फरक कमी होतो.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे परतीचं पुण्याचं विमान. समोरच्या वाऱ्याने उशीर होऊ शकतो, शिवाय दिल्लीत इमिग्रेशन करून सहसा सामानही ताब्यात घ्यावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं. मध्ये चार तास तरी ठेवा, आणि दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा, म्हणजे विमान चुकलं तर पुढची सोय कंपनी करते. परतीला दिवसाचं विमान असेल तर उजवीकडची खिडकी मागा. हवा स्वच्छ असेल तर दिल्लीच्या आधी हिमालयाची रांग दिसते.