खेड्याचे बाहेरच्या विजेवरचे अवलंबित्व सौरऊर्जेने कमी होईल का?

आयात विजेवरचे अवलंबित्व कमी करण्यासाठी सौर आणि इतर नवीकरणीय ऊर्जा कितपत उपयोगी आहे आणि खेड्याने त्यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे. मी वर्धा जिल्ह्यात शेती करतो, त्यामुळे हे उत्तर ओलिताच्या, म्हणजे पिकाला पाणी देण्याच्या, बाजूने देत आहे.

तयार वीज भारत फारशी आयात करत नाही. भूतानच्या जलविद्युत प्रकल्पांतून पावसाळ्यात काही वीज येते, आणि हिवाळ्यात तिथल्या नद्यांचे पाणी आटले की भूतानच आपल्याकडून वीज घेतो. आपली खरी आयात कोळशाची आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशी कोळसा अपुरा पडला, तेव्हा औष्णिक केंद्रांना १० टक्के आयात कोळसा मिसळण्यास सांगावे लागले होते. सौर पॅनेलचे सेलही मोठ्या प्रमाणावर चीनमधून येतात, हे खरे. परंतु पॅनेल एकदा बसवले की पंचवीस वर्षे चालते आणि कोळसा रोज जाळावा लागतो.

खेड्यापुरते पाहिले तर शिवारात येणारे प्रत्येक युनिट बाहेरचेच असते. चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे केंद्र, कोराडी, खापरखेडा, पारस, तिरोडा ही सारी विदर्भातच आहेत, राख आणि धूरही आमच्याच वाट्याला आहे, तरीही शेतीपंपाची मोटर चालवणारी थ्री फेज वीज आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळत आली आहे. हरभरा आणि गव्हाच्या ओलितासाठी थंडीत मध्यरात्री धुऱ्यावरून (बांधावरून) चालत जाणे म्हणजे साप, रानडुक्कर आणि ताडोबाच्या परिसरात वाघ, यांच्यातून वाट काढणे होय. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे, म्हणून सौरऊर्जेची गरज संपली असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही, कारण शेतकऱ्याला मोफत विजेहून दिवसाची वीज अधिक मोलाची आहे.

घरावरच्या पॅनेलविषयी एक गैरसमज आधी दूर करायला हवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि १ किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट तयार होतात, त्यामुळे बिल निश्चितच घटते. मात्र बॅटरी नसेल तर गावची लाइन गेल्याबरोबर हे पॅनेलही बंद होते. लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. म्हणजे बिलाचे अवलंबित्व कमी होते, लाइनचे होत नाही.

शेतीसाठी दोन मार्ग आहेत. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. मेळघाट किंवा गडचिरोलीत लाइनपासून दूर असलेल्या शेताला हाच मार्ग योग्य आहे. पण पीक नसताना त्या पॅनेलची वीज कोणाच्याही कामी येत नाही, आणि वरूड-मोर्शीकडे पाणी इतके खोल गेले आहे की लहान पंपाला ते उचलवत नाही. शिवाय फुकटचे ऊन मिळाले म्हणून दिवसभर उपसा सुरू राहिला, तर संत्र्याच्या बागा जगवणारे पाणीच संपेल.

जिथे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे वीज नेणारी लाइन, आहे तिथे मला दुसरा मार्ग बरा वाटतो. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरला दिवसा वीज दिली जाते. तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांत राळेगणसिद्धीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी हे गावही होते. १ मेगावॅटला सुमारे चार एकर जागा लागते आणि वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास युनिट मिळतात. ५ अश्वशक्तीची मोटर आठ तास चालली तर ३० युनिट लागतात, यावरून आपल्या फीडरचा हिशेब प्रत्येकाला मांडता येईल. ओलित नसेल तेव्हा ही वीज इतरत्र वापरली जाते आणि ती जवळच तयार होत असल्याने लांबच्या तारांमधील गळतीही वाचते.

विदर्भाच्या उन्हाची एक मर्यादा मात्र आहे. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापते, तेव्हा सुमारे १४ टक्के वीज उष्णतेतच जाते. याउलट डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ आणि पॅनेल थंड असते, आणि रब्बीचे ओलित नेमके तेव्हाच असते. वाऱ्याच्या विजेला विदर्भात सातारा-धुळ्यासारखा वाव नाही. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) आणि धानाचा भुसा जाळून वीज करता येते, परंतु तो माल वर्षभर गोळा करणे अवघड असते.

आपल्या ग्रामपंचायतीत विषय निघाला, तर चराईची ई-क्लास जमीन सोडून बरड जमीन सुचवावी. खासगी जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, अशी २०२३ च्या सुधारित योजनेतील तरतूद आहे. तसेच हा प्रकल्प कोणत्या उपकेंद्राला आणि त्यावरील कोणत्या कृषी फीडरला जोडला जाणार, हे ठरावापूर्वी लेखी मागून घ्यावे. जमीन आपल्या गावाची आणि दिवसाची वीज दुसऱ्याच फीडरला, असे झाल्यास आपल्या शेतकऱ्याचे रात्रीचे ओलित सुटणार नाही.