दगड एकीकडे, अस्थी दुसरीकडे

गेल्या अंकात जुने गोवे येथील चर्चच्या फरशीतील कोरीव थडग्यांविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब असल्यामुळे प्रश्नांचा आशय तेवढा घेतला आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) मुख्य वेदीपासून थोड्या अंतरावर फरशीत एक काळा दगड बसवलेला आहे. नाव झिजून गेले आहे. परंतु ‘सेपुल्तुरा’ हा शब्द, शेवटी १६८३ हे वर्ष आणि वर्षाच्या आधी फुलीसारखी खूण व तिला जोडून ‘ब्रो’ एवढे वाचता येते. फुली म्हणजे रोमन दहाचा आकडा, म्हणून मी महिना ऑक्टोबर धरला. त्याच वर्षी संभाजीराजांची बार्देशावर स्वारी झाली होती. या मृत्यूचा त्या स्वारीशी संबंध असेल काय? वर्षाच्या आधी ‘एरा’ असेही कोरले आहे. हा शक तर नव्हे? (बार्देश तालुक्यातील एक शिक्षक)

उत्तर : फुली म्हणजे रोमन दहा हे आपण बरोबर ओळखले, मात्र महिना ऑक्टोबर नसून डिसेंबर आहे. जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे, आणि म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर या चार नावांच्या पोटात लॅटिनमधील सात, आठ, नऊ आणि दहा हे अंक बसलेले आहेत. पोर्तुगीज लेखनिक आणि त्यांच्या हातच्या कागदावरून कोरणारे पाथरवट जागा वाचवण्यासाठी महिन्याच्या पोर्तुगीज नावाचा सुरुवातीचा भाग गाळून तेथे सरळ आकडाच घालत आणि नावाच्या शेवटचा ‘ब्रो’ तेवढा ठेवत. त्यामुळे सातला ‘ब्रो’ जोडलेला दिसला की सप्टेंबर समजावा, आठला जोडलेला दिसला की ऑक्टोबर, आणि फुलीला जोडलेला दिसला की डिसेंबर. या चुकीत आपण एकटे नाही. याच सदरात काही वर्षांपूर्वी मी असा एक ‘सात-ब्रो’ जुलै म्हणून छापला होता, तेव्हा म्हापशाच्या एका निवृत्त नोटरींनी पोस्टकार्डावर दोन ओळींत माझी चूक दाखवून दिली. ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

‘एरा’ हा शक नव्हे. पोर्तुगालमध्ये पूर्वी इसवी सनाच्या ३८ वर्षे पुढे असलेली सीझरची कालगणना चालत असे. ती १४२२ मध्ये बंद होऊन इसवी सन आला. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० मध्ये, तेव्हा गोव्यातील दगडावरचा ‘एरा’ म्हणजे साधे ‘साल’. त्यातून ३८ वजा करू नयेत, आणि हिंदू शिलालेखांच्या सवयीने त्यात ७८ मिळवूही नयेत.

आता स्वारीचा प्रश्न, आणि येथे महिना बदलल्यामुळे आपल्या शंकेचे वजन वाढते. १६८३ च्या पावसाळ्यानंतर पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) काउंट द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, संभाजीराजांनी तो मोडून काढला, नोव्हेंबरच्या अखेरीस मराठ्यांनी जुवे बेट घेतले आणि डिसेंबरमध्ये बार्देश व साष्टी या दोन्ही प्रांतांत त्यांच्या फौजा शिरल्या. मोगलांची फौज जवळ येत असल्यामुळे जानेवारी १६८४ च्या आरंभी त्या परतल्या. म्हणजे दगड ऑक्टोबरचा असता तर आपला तर्क सरळ बाद झाला असता; डिसेंबरचा असल्यामुळे तो शक्यतेच्या कक्षेत येतो. पण माझ्या मते तेथेच थांबावे. मृत्यू कशाने आला हे सांगणारा शब्द दगडावर असता तर तो आपण वाचला असता, आणि ज्वराने मरण्यासाठी त्या काळी कोणालाही स्वारीची वाट पाहावी लागत नव्हती.

याहून महत्त्वाचा शब्द मला ‘सेपुल्तुरा’, म्हणजे थडगे, हा वाटतो. ‘येथे अमुक विसावला आहे’ असे सांगायचे असले तर दगडाचा आरंभ ‘आकी जाझ’ या शब्दांनी होतो. ‘सेपुल्तुरा द’ अशा आरंभानंतर मात्र बहुधा नाव आणि त्यापुढे ‘इ द सेउस एर्देइरुस’, म्हणजे ‘आणि त्याच्या वारसांची’, अशी अक्षरे येतात. आपल्या दगडावर झिजलेल्या भागात ती आहेत का ते पाहावे. शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात : ‘यू’ या अक्षराच्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो, आणि अक्षराच्या डोक्यावर नागमोडी रेघ दिसली तर तेथे ‘म’ किंवा ‘न’ गाळलेला असतो, आपल्या अनुस्वाराचेच ते भावंड. वारसांचा उल्लेख सापडला तर तो दगड मृत्युलेख कमी आणि ताबापत्र अधिक ठरतो. चर्चच्या आतील जागा मोलाची होती आणि ती घराण्याला, कोंफ्रारीला (चर्चशी जोडलेल्या धार्मिक मंडळाला) किंवा पदाला मिळत असे. त्याच दगडाखाली पुढे मुलगा, सून आणि नातूही पुरले जात. तसेच दगडाच्या कडेची कोरीव पट्टी चारही बाजूंनी पूर्ण आहे की एका बाजूला छाटलेली आहे, हेही पाहून कळवावे. छाटलेली असेल तर फरशी नव्याने घालताना तो दगड दुसरीकडून आणून बसवलेला असणार, आणि मग त्याच्याखाली खणून काहीही हाती लागणार नाही.

प्रश्न : जुन्या चर्चमधील थडग्यांखाली आज अस्थी आहेत काय? आणि चर्चमध्ये पुरण्याची चाल कधी थांबली? (फोंडा येथील एक वाचक)

उत्तर : मोठ्या माणसांपासून आरंभ केला तर गोव्यात दगड आणि देह एकत्र राहिलेले फार थोडे. गोवा जिंकणारा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क १६ डिसेंबर १५१५ रोजी गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी जहाजावर वारला आणि त्याने स्थापलेल्या चर्चमध्ये पुरला गेला. १५६६ मध्ये त्याच्या अस्थी लिस्बनला नेल्या. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. त्यांचा देह आधी तेथे चुन्यात पुरला, मग मलाक्काला नेला आणि १५५४ मध्ये गोव्यात आणला. जुने गोवे येथील बॉम जेझूस चर्चमध्ये आज दिसणारी संगमरवरी समाधी तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठवलेली असून ती १६९८ मध्ये बसवण्यात आली, म्हणजे मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. याउलट जुने गोवे येथील होली हिलवर रोझरीच्या चर्चमध्ये गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी दोना कातारिना हिचे स्मारक आहे. त्याच्यावरील नाजूक कोरीव काम गुजराती कारागिरांच्या वळणाचे आहे आणि ते मूळ चर्चमध्येच टिकले आहे. बॉम जेझूस पाहून परतणारे बहुतेक जण त्या टेकडीवर चढतच नाहीत, याची मला नेहमी हळहळ वाटते.

सामान्य माणसांच्या बाबतीत उत्तर निराळे आहे. चर्चची फरशी वारंवार उघडावी लागे, आणि दाटीच्या व रोगराईच्या काळात ती पुरी बुजण्याआधीच पुन्हा उघडावी लागे. पोर्तुगालमध्ये १८३५ च्या फर्मानाने चर्चमध्ये पुरण्यास मनाई होऊन सार्वजनिक दफनभूमी बांधण्याचा आदेश निघाला, आणि वसाहतींतही तेच धोरण आले. आज गावोगावच्या इगर्जीशेजारी चिऱ्याच्या भिंतीआड जी दफनभूमी दिसते, ती या नव्या व्यवस्थेची. तेथेही जागा थोडी. कुटुंबाने कायमची विकत घेतलेली जागा नसेल तर तीन-चार वर्षांनी खड्डा उघडतात, अस्थी काढून भिंतीतील कोनाड्यात किंवा सामाईक अस्थिकूपात ठेवतात आणि जागा पुढच्या माणसाला देतात. २ नोव्हेंबरला मृतांच्या दिवशी जी थडगी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेली दिसतात, त्यांतील पुष्कळांखाली आता दुसरेच कोणी असते, आणि जुने मृत भिंतीतील हातभर चौकोनात गेलेले असतात. नातेवाईक फुले तेथे लावतात.

प्रश्न : आमच्या गावच्या वेशीवर दोन दगड आहेत. एकावर घोडेस्वार व खाली पडलेली माणसे आहेत, दुसऱ्यावर कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात आहे. गावकरी दोन्हींना तेल घालतात. शेजारी रस्ता रुंद होणार आहे. ही थडगी आहेत काय, आणि ती देवळात हलवली तर चालेल काय? (सत्तरी तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : पहिला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचे स्मारक, आहे आणि दुसरी सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीचे. खाली देह नसतो. वीर जेथे पडला तेथे, किंवा त्याच्या गावच्या वेशीवर, हे दगड उभारले जात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : तळाच्या चौकटीत लढाई, त्यावर वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ सांगणारे चंद्र-सूर्य. आपल्या दगडावर घोडेस्वाराच्या खाली आणखी एक चौकट मातीत गाडली गेली आहे का ते पाहावे. पुष्कळदा लढाईचे खरे कारण तेथे असते. गुरे कोरलेली असतील तर गुरे पळवण्याच्या झटापटीत तो पडला. जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकाळातील असे वीरगळ आहेत, की ज्यांच्या तळाशी वल्ह्यांची लढाऊ जहाजे कोरलेली आहेत. समुद्रावर मेलेल्या माणसाचा देह बहुधा परत आलाच नाही, दगड तेवढा जमिनीवर उभा राहिला.

सतीच्या चालीला आल्बुकर्कने सोळाव्या शतकाच्या आरंभीच बंदी घातली, हे खरे. पण ती बंदी त्याच्या ताब्यातील मुलखापुरती होती, आणि सत्तरी पोर्तुगिजांच्या हाती आली अठराव्या शतकात. त्यामुळे केवळ बंदीच्या सालावरून आपल्या सतीशिळेचा काळ ठरवता येणार नाही.

दगड हलवण्यास माझा विरोध आहे. देवळात गेला की तो देव होतो, त्याला शेंदूर लागतो, आणि वीस वर्षांनी तो कोणत्या वेशीवर होता हे सांगणारा कोणी उरत नाही. राज्यात प्राचीन स्मारकांविषयी १९७८ चा कायदा आहे. रस्त्याचे काम सुरू होण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे लेखी अर्ज करावा आणि त्याला दोन्ही दगडांची छायाचित्रे जोडावीत. हलवणे अटळच ठरले तर मूळ जागेपासूनचे अंतर आणि दगडाचे तोंड कोणत्या दिशेला होते, एवढे तरी आधी लिहून ठेवावे.

प्रश्न : पोर्तुगीज गोव्यात दोनापावलजवळ इंग्रजांची दफनभूमी कशी आली? (पणजी येथील एक वाचक)

उत्तर : नेपोलियनच्या युद्धांमुळे. फ्रेंच गोव्यात उतरतील या भीतीने इंग्रजांनी १७९९ मध्ये मित्रराष्ट्र म्हणून येथे आपले सैन्य आणून ठेवले, आणि काब या भूशिराच्या टोकाजवळ त्यांची छावणी बरीच वर्षे होती. हे सैनिक बहुतांशी प्रॉटेस्टंट. कॅथलिक चर्चच्या पवित्र जमिनीत त्यांना जागा मिळणे शक्य नव्हते, म्हणून वेगळे आवार. राजभवनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे, आणि येथे तरी दगड आणि देह एकाच ठिकाणी आहेत असे मानायला हरकत नाही.

प्रश्न : सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मनोऱ्याजवळ जॉर्जियाच्या राणीचे अवशेष सापडले असे ऐकतो. कबरीवर नाव नसताना ते तिचेच कशावरून? (मडगाव येथील एक वाचिका)

उत्तर : येथे दगड मुका होता आणि कागद बोलला. राणी केतेवान हिला धर्मांतरास नकार दिल्याबद्दल इराणच्या पहिल्या शाह अब्बासच्या आज्ञेने १६२४ मध्ये शिराझ येथे हाल करून मारण्यात आले. तेथील ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतील काही भाग १६२७ मध्ये गोव्यातील आपल्या मठात आणला. मठातील सभेच्या चॅपेलमध्ये दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत ते ठेवले आहेत, अशी नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. अडचण अशी, की १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, १९३१ मध्ये मनोऱ्याचा दर्शनी भाग पडला, आणि खिडकी शोधायची तर आधी भिंत शोधावी लागत होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसून मठाचा आराखडा मोकळा केला, तेव्हा ती खिडकी आणि हाताचे हाड सापडले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने त्याची डीएनए तपासणी केली. त्यात आढळलेला मातृवंशाचा प्रकार भारतातील नमुन्यांत मिळाला नाही, जॉर्जियातील लोकांत मिळाला. या तपासणीने ‘ही केतेवानच’ असे सिद्ध होत नाही; ‘ही व्यक्ती त्या प्रदेशातील होती’ एवढेच कळते. कागदावरची खिडकी आणि हाडातला वंश हे दोन पुरावे एकमेकांना येऊन मिळाले, म्हणून निष्कर्ष भक्कम मानला गेला. जुलै २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला अर्पण केला. आता अस्थींचा तो भाग तिथे आहे आणि त्या सापडल्या ती जागा आपल्याकडे.

प्रश्न : दगडावरची झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी खडू किंवा आम्ल वापरावे काय? (पेडणे येथील एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : दोन्ही नको. आम्लाने अक्षराची उरलेली कडही जाते, आणि खडूने आपण जे वाचू इच्छितो तेच दगडावर रेखाटून बसतो. चिऱ्याच्या थडग्याला सिमेंटचा गिलावाही करू नये. ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत चिरा पिठासारखा झडू लागतो. जुना गिलावा चुन्याचा होता, दुरुस्तीही चुन्यानेच करावी. वाचण्यासाठी साधे पाणी, मऊ कुंचला आणि संध्याकाळनंतरची वेळ पुरे. इगर्जीच्या फाब्रिकाची (व्यवस्थापन समितीची) परवानगी घ्यावी, दिवे मालवून घ्यावेत आणि विजेरी दगडाच्या कडेला फरशीवरच आडवी ठेवावी, वरून धरू नये. उथळ खाचांत सावली साचते. मग विजेरी हळूहळू दुसऱ्या कडेला न्यावी, कारण उभ्या रेघा एका बाजूने दिसतात आणि आडव्या दुसऱ्या बाजूने. आणि प्रत्येक वेळी जे दिसेल तेवढेच वहीत उतरवावे, अर्थ घरी जाऊन लावावा.