केंद्राच्या हातात पराणी, संघाच्या हातात घण

सात रस्त्याजवळच्या एका अभ्यासिकेतून प्रश्न आलाय. निबंधात 'केंद्र आणि राज्य यांच्यातलं सत्तासंतुलन' असं लिहिलं, तर सरांनी 'केंद्र' खोडून 'संघ' केलं. घटनेत केंद्र हा शब्दच नाही म्हणे. खरं काय?

सरांचं निम्मं बरोबर आहे. अनुच्छेद १ भारताला राज्यांचा संघ म्हणतो, सातव्या अनुसूचीत संघसूची आहे. तामिळनाडू सरकारनेही २०२१ मध्ये याच मुद्द्यावर आपल्या भाषेत 'केंद्रा'चा शब्द सोडून 'संघा'चा घेतला. पण 'शब्दच नाही'? सरांनी २०१६ च्या १०१व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद २७९क उघडावा. इंग्रजी मसुद्यात चक्क 'सेंट्रल गव्हर्नमेंट' आहे. जीएसटी परिषदेत त्याच्या मताला एकतृतीयांश वजन, सगळ्या राज्यांना मिळून दोनतृतीयांश आणि ठराव व्हायला तीनचतुर्थांश हवे. म्हणजे सगळी राज्यं एक झाली तरी दिल्लीशिवाय पान हलत नाही. आणि पुरेशी राज्यं अडून बसली तर दिल्लीचंही हलत नाही.

आता मुद्द्याचं. गड्ड्याच्या यात्रेत एका माइकवरून 'सोलापूर हे वस्त्रोद्योगाचं मध्यवर्ती केंद्रबिंदू' असं ऐकलं आणि हातातली भजी खाली ठेवली. एक तर बिंदू पुल्लिंगी. त्यात एकाच गोष्टीला तीन शब्द! केंद्र म्हणजेच बिंदू, आणि तोही टोचणारा. मूळ शब्द ग्रीक, केंट्रॉन. अर्थ, बैल हाकायची पराणी! काठीच्या टोकाला लोखंडी आर बसवलेली, सिद्धेश्वराच्या जनावरांच्या बाजारात कुणाच्याही हातात दिसेल ती. टोकावरून कंपासचं कागदात रुतणारं पाऊल, त्यावरून वर्तुळाचा मध्य. लॅटिनमार्गे त्याचंच 'सेंटर' झालं. म्हणजे भाषाशुद्धीवाले सेंटर काढून केंद्र घालतात तेव्हा एक भाऊ उठवून दुसरा बसवतात, इतकंच.

आपल्याकडे हा शब्द ज्योतिषाबरोबर आला. होरा, पणफर, आपोक्लिम हे ज्योतिषातले शब्द त्याचे सोबती, सगळे ग्रीक. 'क अधिक इंद्र' अशी फोड करून छाती फुगवणाऱ्या पंडितांनी पणफरचीही फोड करून दाखवावी, मी वाट बघतो.

आणि गंमत बघा, कुंडलीत केंद्र एक नसतंच. पहिलं, चौथं, सातवं, दहावं अशी चार केंद्रस्थानं. आजीच्या पिवळ्या पडलेल्या पत्रिकेत चार मोठे चौकोन मधे टोकाला टोक लावून बसलेत, आणि नेमक्या मधोमध घरच नाही, नुसती रेघांची फुली. 'मध्यवर्ती सत्ता' एवढाच अर्थ लावणाऱ्यांनी ही पत्रिका एकदा पाहावी. माझं मत विचाराल तर चार खांबांचा हा जुना अर्थ राज्यांना जास्त मानवला असता.

राहिला संघ. तो मवाळ वाटतो म्हणून सरांना आवडला असणार. पण पाणिनी त्याला 'हन्' धातूवरून साधतो, हन् म्हणजे मारणे, ठोकणे. लोहाराचा घण त्याच धातूचा. ठोकून एकत्र बसवलेलं ते संघ! बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितलंच होतं की हे राज्यांनी आपसात करार करून उभं केलेलं नाही, म्हणून कुणाला फुटून निघायचा हक्क नाही. इंग्रजीतलं 'फेडरल' मात्र लॅटिन करारावरूनच आलंय, त्यामुळे ते आपल्याला अंगाला घट्ट होतं.

तेव्हा पराणी घ्या नाहीतर घण, गुण कापायचं कारण नाही. घटनेचं कलम सांगताना संघ लिहा, बाकी चारचौघांत केंद्र. खोडायचंच होतं तर सरांनी 'संतुलन' खोडायचं. आपल्याकडे 'समतोल' असताना ते कशाला?